मागचा डिस्क ब्रेक आपोआप धरून राहतो. दोष खाऱ्या हवेचा की गाडीचा?

बंदरवाट यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत घडलेला एक प्रकार सविस्तर मांडत आहे, कारण सर्व्हिस सेंटरने दिलेले उत्तर मला पटलेले नाही आणि पुढच्या महिन्यात याच गाडीवरून आंबोलीमार्गे बेळगावला जायचे आहे. गाडी चारशे सीसी वर्गातील आहे, दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आहे, वय चार वर्षे आणि धाव साधारण ३४,००० किलोमीटर. माझे घर रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असल्याने गाडी बारा महिने खाऱ्या वाऱ्यातच उभी असते.

आम्ही हरिहरेश्वरहून परत येत होतो. बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवली, वेशवीला उतरलो, केळशी आणि आंजर्ले करत दापोलीत जेवलो आणि दुपारी दाभोळच्या वाटेला लागलो. मागे पत्नी, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या आणि त्यांवर आडवी बांधलेली एक पिशवी, एवढा भार होता. दापोली सोडल्यावर थोड्याच वेळात गाडी जड वाटू लागली. क्लच दाबून सोडून दिली तरी नेहमीइतकी पुढे घरंगळत जाईना. समोरून वारा असावा अशी मी मनाची समजूत घातली, जी आता आठवली की स्वतःचाच राग येतो. दाभोळ गावात शिरताना रस्ता बंदराकडे चांगलाच उतरतो. त्या उतारावर मागच्या ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक लागले, म्हणजे पाय ठेवताच ब्रेक लागत होता आणि पेडलला खाली जायला जागाच उरली नव्हती. पाठोपाठ करपलेला वास आला. जेटीवर थांबलो तेव्हा मागच्या चाकातून बारीक धूर निघत होता आणि गाडी न्यूट्रलमध्ये असूनही एकट्याने ढकलता येईना. शेवटी बोटीवरच्या दोन खलाशांनी मागून रेटा देऊन ती आत घेतली. घाबरून मी बाटलीतले पाणी डिस्कवर ओतले, तर तव्यावर हबका मारल्यासारखा छर्र आवाज झाला.

आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. खाडी ओलांडून धोपाव्याला पोहोचेपर्यंत चाक मोकळे झाले होते, जणू काही घडलेच नव्हते. मागच्या पेडलला पायही न लावता गुहागरपर्यंत आलो, तेथून तवसाळला पुन्हा बोटीत चढून जयगडला उतरलो आणि घरी पोहोचलो. वाटेत काहीही त्रास झाला नाही. सर्व्हिस सेंटरने नवे पॅड घातले, बिल दिले आणि “समुद्राची हवा आहे, ब्रेक जाम होणारच” असे सांगितले. त्यानंतर दहा दिवसांनी आरे-वारेच्या उतारावर पुन्हा तोच वास आला. धूर नव्हता, पण डिस्कजवळ हात नेताच धग लागत होती आणि तिच्यावर आता निळसर झाक दिसते.

हा दोष खरोखर खाऱ्या हवेचा आहे का, की आणखी कशाचा, आणि ते घरच्या घरी ओळखण्याचा काही मार्ग आहे का? तोपर्यंत गाडी चालवणे कितपत सुरक्षित आहे?

आठचा पाना यांचा प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: दोष सापडेपर्यंत ही गाडी चालवू नका, गॅरेजपर्यंतसुद्धा टेम्पोत घालून न्या. मागचा ब्रेक स्वतःहून लागत असेल तर उतारावरच्या वळणात चाक केव्हा अडकेल हे सांगता येत नाही. एबीएसच्या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही, कारण कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, दाब कोंडून राहिला असेल तर आपण पेडल सोडल्यानंतर तो दाब मोकळा करून देणे हे एबीएसचे काम नव्हे.

चिपळूणला माझे गॅरेज आहे आणि कुंभार्ली घाट उतरून आलेल्या गाड्यांचे तापलेले ब्रेक वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. आपल्या वर्णनातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे पेडल कडक होऊन वर आले, आणि दुसरी म्हणजे चाक थंड होताच आपोआप सुटले. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला असता तर तो थंड झाल्यावर इतका सहज सुटला नसता. येथे ब्रेक ऑइल कोंडले जात असावे, असा माझा अंदाज आहे.

पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये, ऑइलच्या डबीकडे जाणारे सुईच्या टोकाएवढे एक भोक असते. पेडल पूर्ण मागे आले की ते उघडते, आणि तापून फुगलेले ऑइल त्यातून डबीत परत जाते. कचऱ्याने ते बुजले, किंवा या सिलिंडरमधला पिस्टन केसभर जरी पुढे दाबलेला राहिला, तरी ऑइलची परतीची वाट बंद होते. मग उतारावर दोन-चार वेळा ब्रेक लावला की ऑइल तापते, तापले की फुगते, फुगले की पॅडना दाबते आणि पॅड दाबले गेले की आणखी तापते. चालकाने पेडलला पायही लावलेला नसतो, आणि ब्रेक मात्र घट्ट होत जातो. गाडी उभी राहिली, ऑइल निवले, की ते आकसते आणि चाक सुटते. धोपाव्याला आपल्याला दिसलेला चमत्कार तो हाच.

खात्री करायची असेल तर गाडी थंड असताना डबल स्टँडवर लावा, मागचे चाक हाताने फिरवा, पेडल आठ-दहा वेळा जोराने दाबून सोडा आणि पुन्हा चाक फिरवून पाहा. चाक जड लागले तर कॅलिपरच्या ब्लीडर निपलला (ऑइल बाहेर काढण्याच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडा आणि आठच्या पान्याने निपल पाव फेरा उघडा. ऑइल दाबाने बाहेर आले आणि चाक लगेच मोकळे झाले, तर दोष कॅलिपरच्या वर आहे, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये किंवा तेथून कॅलिपरकडे ऑइल नेणाऱ्या नळीत, होजमध्ये. निपल उघडूनही चाक जडच राहिले, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या आहेत. मास्टर सिलिंडर की होज हे ठरवायचे असेल तर हीच परीक्षा सिलिंडरच्या बँजो बोल्टवर (होज सिलिंडरला जोडणाऱ्या बोल्टवर) आधी करावी. तेथे दाब सुटला तर दोष सिलिंडरचा. तेथे काही फरक न पडता फक्त खालच्या निपलला सुटला, तर होज आतून फुगून दाब एकाच दिशेने जाऊ देत आहे असे समजावे. ब्रेक तापलेला असताना रस्त्यात हा प्रयोग करू नका, उकळते ऑइल हातावर येते. ऑइल रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

दोन गोष्टी रागाने नव्हे, पण स्पष्ट सांगतो. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायला नको होते; तिला बाक आला असण्याची शक्यता आहे, ती डायल गेजने तपासून घ्या. आणि इतके तापल्यावर जुने ऑइल ठेवून नुसते पॅड बदलणे हे अर्धवट काम आहे. डॉट ४ प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात डबीचे झाकण किती वेळा उघडले गेले, यावर बरेच अवलंबून असते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग कडक झालेले तेच पेडल एकदम पोकळ होऊन खाली जाते. आपण त्या टप्प्याच्या अलीकडे थांबलात, हे नशीब समजा.

आता माझा एक प्रश्न. दिवाळीच्या आधी गाडीवर कोणतेही काम झाले होते का? ब्रेकचे नसले तरी सांगा.

खारावारा यांचा प्रतिसाद

आठचा पाना यांच्या परीक्षेबद्दल आदर आहे, ती मीही करून पाहीन. परंतु खाऱ्या हवेला इतक्या लवकर निर्दोष सोडणे मला मान्य नाही. मी मालवणचा, आणि माझ्या गाडीचा मागचा ब्रेक दोन वेळा धरून राहिला होता. दोन्ही वेळा कारण कॅलिपरच्या सरकत्या पिनांचेच निघाले. फेरीबोटीची लोखंडी फळी नेहमी खाऱ्या पाण्याने ओली असते, तिच्यावरून जाताना चाकाने उडवलेले पाणी नेमके मागच्या कॅलिपरवर बसते, आणि त्यानंतर ते वाळते. पिनेवरची रबरी टोपी फाटलेली असेल तर आत मिठाचा पांढरा थर धरतो. मी पहिल्यांदा पीन उपसली तेव्हा ती पापडखारात बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

एक सोपी खूण सांगतो. सर्व्हिस सेंटरने काढलेले जुने पॅड परत मागा. पिस्टनकडचा पॅड बाहेरच्या पॅडपेक्षा बराच जास्त झिजलेला असेल, तर कॅलिपर पिनांवर नीट सरकत नसावा असे समजावे. आमच्याकडे पुळणीवर गाडी घालून फोटो काढण्याची हौस फार वाढली आहे. ती हौस झाल्यावर कॅलिपर, चेन आणि चाकाच्या बेअरिंगवर गोडे पाणी हलक्या धारेने, ब्रेक निवल्यावर, सोडलेच पाहिजे. प्रेशरने मारलेले पाणी मात्र बेअरिंगच्या सीलमधून आत शिरते आणि समुद्राने जे केले नसते ते नुकसान करते.

बंदरवाट यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण आठचा पाना यांचा प्रश्न वाचल्यावर मला एक गोष्ट आठवली आणि ती येथे लिहिण्याआधी पडताळून पाहायची होती.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मी जाड तळव्याचे नवे रायडिंग बूट घेतले होते. त्यांच्यामुळे मागच्या ब्रेकचे पेडल पायाला अवघडल्यासारखे लागत होते, म्हणून घरीच पुशरॉडचे (पेडलचा दाब मास्टर सिलिंडरच्या पिस्टनपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) लॉकनट सैल करून रॉड दोन-तीन आटे फिरवला आणि नट पुन्हा आवळले. ब्रेक छान लागत होता, किंबहुना आधीपेक्षा लवकर लागत होता, त्यामुळे आपण काही चूक केली असेल हे मनातही आले नाही. सर्व्हिस सेंटरलाही ही गोष्ट मी सांगितली नव्हती, त्यामुळे त्यांच्यावरचा माझा राग थोडा मागे घ्यावा लागत आहे. थोडाच, कारण पेडलची मोकळी हालचाल पाहणे त्यांचेही काम होते.

डबल स्टँडवर परीक्षा केली. पेडल दहा वेळा दाबल्यावर चाक स्पष्टपणे जड झाले, आणि मास्टर सिलिंडरचा बँजो बोल्ट किंचित सैल करताच ऑइल पिचकारीसारखे आले आणि चाक सुटले. त्यानंतर एका ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी टेम्पोने नेली. त्यांनी पेडल बोटाने हलवून पाहिले, तर पहिल्या स्पर्शालाच ते पिस्टनला भिडत होते. पेडल स्टॉपरला टेकलेले, रॉड वाजवीपेक्षा लांब, आणि त्यामुळे पिस्टन कायमचा किंचित आत दाबलेला, असा प्रकार होता. रॉड मूळ जागी आणून पेडलला मॅन्युअलमध्ये दिलेली मोकळी हालचाल ठेवल्यावर तीच परीक्षा पुन्हा केली आणि चाक एकदाही अडकले नाही.

मात्र खारावारा यांचेही म्हणणे निम्मे खरे ठरले. जुने पॅड सर्व्हिस सेंटरच्या डब्यात अजून पडलेले होते. आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या जवळजवळ निम्म्या जाडीचा उरला होता. एका पिनेची टोपी फाटलेली आणि पीन कोरडी निघाली. म्हणजे ब्रेक धरण्याचे मूळ कारण मी स्वतः केलेली उठाठेव, आणि धरलेला ब्रेक आणखी घट्ट राहण्याला खाऱ्या हवेची साथ. ऑइल चहाच्या रंगाचे झाले होते. ते सगळे बदलले, पिस्टनचे दोन्ही सील बदलले, आणि डिस्कला सुदैवाने बाक आलेला नाही. सर्व्हिस सेंटरने घातलेले पॅड आरे-वारेला तापून वरून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, तेही टाकून द्यावे लागले.

लालमाती यांचा प्रतिसाद

येथे दोष घरचाच निघाला, पण हीच बिघाडाची साखळी कारखान्यातूनही येऊ शकते, हे नमूद करावेसे वाटते. होंडाच्या गोल्डविंग जीएल १८०० या प्रसिद्ध टूरिंग मोटरसायकलीत पुढचा आणि मागचा ब्रेक एकमेकांशी जोडलेला होता, आणि त्यासाठी एक दुय्यम मास्टर सिलिंडर दिलेला होता. ब्रेक सोडल्यावरही त्या सिलिंडरमुळे मागचा ब्रेक धरून राहू शकतो, आणि तसाच प्रवास चालू ठेवल्यास आग लागण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते, या कारणासाठी डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेत सुमारे १,२६,००० गाड्या परत बोलावण्यात आल्या. बंदरवाट यांना दाभोळच्या जेटीवर जे दिसले त्याचीच ही मोठी आवृत्ती. इंजिन सहा सिलिंडरचे असो की एका सिलिंडरचे, ब्रेक ऑइलला परतीची वाट लागतेच.

आपल्या देशात वाहने परत बोलावण्याची पद्धत प्रथम उद्योगाने २०१२ मध्ये स्वेच्छेने स्वीकारली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले, आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. रस्त्यावरील माणसांना किंवा पर्यावरणाला धोका होईल असा दोष एखाद्या प्रकारच्या वाहनांत आढळला, तर केंद्र सरकार उत्पादकाला ती वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. ही तरतूद सात वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी आहे. उत्पादक स्वतःहूनही हे करतात. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलमधील दोषासाठी मीटिअर, क्लासिक आणि बुलेट या प्रकारांतील २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या होत्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या त्या गाड्या होत्या.

या सगळ्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा गाडी मूळ स्थितीत असते आणि मालकाकडे नोंद असते. पुशरॉड फिरवला, वेगळे दिवे जोडले, हँडल बदलले, तर ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. दोष कंपनीचा की आपला हा वाद उद्या उभा राहिला तर ही वहीच कामाला येते. आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी चॅसिस क्रमांक देऊन त्या गाडीवर परत बोलावण्याचे एखादे काम बाकी आहे का, हे अधिकृत विक्रेत्याकडे अवश्य विचारावे.

बंदरवाट यांचा प्रतिसाद

वहीची सूचना उत्तम आहे. पहिली नोंद “पुशरॉड, तीन आटे, मूर्खपणा” अशी केली आहे. एक शेवटची शंका. पिनांना पावसाळ्याआधी मी स्वतः ग्रीस लावले तर चालेल का? घरात बेअरिंगचे पिवळे ग्रीस आहे.

आठचा पाना यांचा प्रतिसाद

ते पिवळे ग्रीस लावू नका. खनिज तेलाच्या ग्रीसने पिनांच्या टोप्या आणि ब्रेकमधले रबर फुगते, आणि महिनाभरात आपण पुन्हा येथेच प्रश्न विचारत असाल. ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस वेगळे मिळते, त्याची लहान ट्यूब अनेक वर्षे पुरते. पीन आधी ब्रेक क्लीनरने धुऊन कापडाने पूर्ण कोरडी करा, अगदी पातळ थर द्या, आणि डिस्कला किंवा पॅडला त्याचा स्पर्श होऊ देऊ नका. फाटलेली टोपी तशीच ठेवली असेल तर आधी ती बदला. नाहीतर ग्रीस लावून उपयोग नाही.

आंबोलीला निघण्यापूर्वी एक काम करा. घराजवळच्या एखाद्या उतारावर, पूर्ण सामान लादून, दहा-पंधरा मिनिटे मागचा ब्रेक नेहमीप्रमाणे वापरत गाडी चालवा, सपाटीवर थांबा, न्यूट्रलमध्ये टाका आणि हाताने ढकलून पाहा. नंतर डिस्कच्या जवळ, तिला न लावता, तळहात धरा. घाटात उतरताना दुसऱ्या गिअरवर इंजिनाचा ब्रेक घ्या आणि पुढचा-मागचा ब्रेक थोडा थोडा लावून सोडत राहा. मागच्या पेडलवर पाय टेकवून ठेवायची सवय असेल तर नव्या बुटांचा जाड तळवा ती सवय आपल्याला कळूही देणार नाही, तेवढे लक्षात असू द्या.